‘ऑन्डीन’ : जलकन्येच्या प्रेमाचा बॅले आणि त्याविषयी काही विचार

प्रवाही

बॅलेचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे बहुधा ‘स्वान लेक’पाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. मला आज त्याच कुळातल्या, पण त्या मानाने फार कमी पाहिल्या गेलेल्या एका बॅलेविषयी लिहायचे आहे. पाण्यातला एक जीव माणसाच्या प्रेमात पडतो तेव्हा त्याच्या देहाचे काय होते, हे शब्दांवाचून दाखवण्याचा इतका धीट प्रयत्न मला इतरत्र आढळलेला नाही. फ्रेडरिक अ‍ॅश्टन यांनी रचलेला ‘ऑन्डीन’ हा तीन अंकी बॅले २७ ऑक्टोबर १९५८ रोजी लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये रॉयल बॅलेने प्रथम सादर केला. ऑन्डीनच्या भूमिकेत मार्गो फॉन्टेन होत्या, पालेमॉनच्या भूमिकेत मायकेल सोम्स, त्याची वाग्दत्त वधू बर्टा म्हणजे ज्युलिया फॅरन आणि समुद्राचा अधिपती तिरेनियो म्हणजे अलेक्झांडर ग्रँट. संगीत जर्मन संगीतकार हान्स व्हेर्नर हेंत्से यांचे होते आणि नेपथ्य व वेशभूषा लीला द नोबिली यांची.

कथेचे मूळ फ्रीडरिश द ला मोत्त फूके या जर्मन लेखकाच्या १८११ मधील ‘उंडीने’ या लघुकादंबरीत आहे. फूके यांनी कथेचे बीज सोळाव्या शतकातील वैद्य आणि तत्त्वचिंतक पॅरासेल्सस यांच्याकडून घेतले. पॅरासेल्सस यांच्या मते पृथ्वी, आप, तेज आणि वायू या प्रत्येक तत्त्वात राहणारे जीव असतात. ते दिसायला माणसासारखे असतात, पण त्यांना आत्मा नसतो, आणि जलतत्त्वातील स्त्रीने माणसाशी विवाह केला तरच तिला तो मिळतो. अ‍ॅश्टन यांनी फूके यांचा सरदार नायक आणि डॅन्यूब नदीचा परिसर बाजूला ठेवून सगळी गोष्ट भूमध्य समुद्राच्या काठी आणली, पण ही अट मात्र तशीच ठेवली.

बॅलेची कथा थोडक्यात अशी आहे. बर्टाच्या वाड्याबाहेरच्या कारंज्यातून ऑन्डीन बाहेर येते, पालेमॉन तिला पाहतो आणि बर्टाला विसरून तिच्यामागे अरण्यात जातो. तू हिच्याशी अप्रामाणिक झालास तर प्राणास मुकशील, असे तिरेनियो त्याला बजावतो, तरीही एक वनवासी साधू दोघांचे लग्न लावतो आणि ऑन्डीनला आत्मा लाभतो. दुसऱ्या अंकात दोघे जहाजावर असतात, बर्टाही तिथे पोहोचते, तिरेनियोच्या कोपाने वादळ उठते आणि ऑन्डीन समुद्रात ओढली जाते. तिसऱ्या अंकात ऑन्डीन गेली असे समजून पालेमॉनने बर्टाशी लग्न केलेले असते. लग्नसमारंभात समुद्र घरात शिरतो आणि ऑन्डीन परत येते. पालेमॉन तिच्याकडे चुंबन मागतो. त्या चुंबनाने तो मरणार हे तिला ठाऊक असते. ती त्याला वाचवण्याचा प्रयत्न करते, पण अखेर त्याचे मागणे नाकारू शकत नाही.

कथा वाचताना ती साधीच वाटेल, पण रंगमंचावर पहिल्या अंकात ज्या दोन गोष्टी घडतात त्यांसाठी मी हा धागा काढला आहे. ऑन्डीन पाण्यातून बाहेर येते तेव्हा तिला जमिनीवर पडलेली स्वतःची सावली दिसते. ती आधी दचकते, मग तिला हात लावू पाहते, तिच्यापासून पळते, तिच्याशी खेळते. थोड्या वेळाने पालेमॉन तिचा हात आपल्या छातीवर ठेवतो, तेव्हा आत काहीतरी धडधडते आहे हे जाणवून ती झटक्याने मागे सरते. बॅलेमध्ये आत्मा दाखवता येत नाही. अ‍ॅश्टन यांनी त्याऐवजी देह दाखवला: ज्याची सावली पडते, ज्याच्या आत ठोका असतो आणि म्हणून ज्याचा ठोका बंदही पडू शकतो, असा देह. शेवटच्या चुंबनाचा अर्थ प्रेक्षकाला कळतो तो त्या पहिल्या स्पर्शामुळे. जे हृदय हाताला लागताच ती घाबरली होती, तेच हृदय तिच्याच ओठांनी थांबणार असते.

याखेरीज आणखी एक गोष्ट हालचालीची. अ‍ॅश्टन यांनी पाण्याच्या गतीचे बारकाईने निरीक्षण केले होते, आणि लाटेची भरती-ओहोटी नृत्यात आणताना ऑपेरातला गाणे आणि संवाद यांच्यातला भेद पुसून टाकावा, नृत्य कुठेही तुटू नये, असा त्यांचा प्रयत्न होता. त्यामुळे इथे टाळ्यांसाठी थांबणारे, सुरुवात-शेवट ठळक असलेले नृत्यतुकडे कमी आहेत. अनेक समीक्षकांना ही उणीव वाटली. माझ्या मते हाच या कृतीचा प्राण आहे, कारण ज्या क्षणी ऑन्डीन एखादी मुद्रा धरून प्रेक्षकांकडे पाहत उभी राहील, त्या क्षणी ती पाण्याची उरणार नाही.

ज्यांनी हा बॅले पाहिला असेल, प्रत्यक्ष किंवा चित्रीकरणात, त्यांनी आपले मत अवश्य लिहावे.

मंद्रसप्तक

लेख आवडला. नृत्यातले मला फारसे कळत नाही, परंतु हेंत्से यांच्या संगीतावर आपण एकाच वाक्यात उरकले, ते मला थोडे खटकले, म्हणून लिहितो.

अ‍ॅश्टन यांना या बॅलेसाठी आधी इंग्रज संगीतकार विल्यम वॉल्टन हवे होते. वॉल्टन यांनी नकार दिला आणि हेंत्से यांचे नाव सुचवले. हेंत्से तेव्हा तिशीतले होते. युद्धोत्तर जर्मनीतील वातावरण आणि तिथल्या नवसंगीताच्या वर्तुळाचा कर्मठपणा या दोहोंना कंटाळून ते १९५३ मध्ये इटलीला गेले होते आणि इस्किया बेटावर वॉल्टन यांच्या शेजारात राहिले होते. म्हणजे ज्या समुद्राचे संगीत त्यांना लिहायचे होते, तो त्यांच्या दाराशीच होता. पहिल्या प्रयोगाचे संचालन त्यांनी स्वतः केले आणि या निर्मितीच्या काळातली आपली टिपणे पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

हे संगीत पहिल्यांदा ऐकताना निसटून जाते, हे खरे. त्यात गुणगुणत घरी न्यावी अशी धून नाही, आणि ‘स्वान लेक’चे संगीतकार चायकॉव्स्की यांची सवय असलेल्या कानाला ते कोरडे वाटू शकते. पण तंतुवाद्यांच्या खालच्या पट्टीत सतत काहीतरी हलत राहते, त्यावर हार्प आणि लाकडी सुषिर वाद्ये प्रकाशाच्या तिरिपीसारखी येऊन जातात, आणि ताल स्थिरावतो आहे असे वाटताच तो पुन्हा सरकतो. तुम्ही ज्या न तुटणाऱ्या नृत्याविषयी लिहिले आहे ते या संगीताशिवाय शक्यच झाले नसते. ठरावीक मात्रांचे, समेवर येऊन संपणारे तुकडे असते, तर नर्तिकेलाही समेवर थांबावेच लागले असते. अ‍ॅश्टन यांना हेंत्से कठीण गेले असे म्हणतात, आणि तरीही त्यांनी संगीताशी झगडून नृत्य रचले. त्या झगड्याचा ताण मला दुसऱ्या अंकात ऐकू येतो आणि तो मला आवडतो. ऑलिव्हर नसेन यांच्या संचालनाखाली लंडन सिन्फोनिएटा या वाद्यवृंदाने केलेले ध्वनिमुद्रण मिळाल्यास नृत्य न पाहता नुसते ऐकून पाहावे.

जुनी पाने

सावलीच्या नृत्याविषयी एक महत्त्वाची पूर्वपीठिका नोंदवतो, कारण ती कल्पना अ‍ॅश्टन यांची मूळची नाही.

२२ जून १८४३ रोजी लंडनच्याच हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये ज्यूल पेरो यांचा ‘ऑन्डीन, ऊ ला नाइयाद’ हा बॅले सादर झाला. संगीत चेझारे पून्यी यांचे होते आणि जलकन्या होती फॅनी चेरितो. फूके यांचा मृत्यू त्याच वर्षीच्या जानेवारीत झाला होता. पेरो यांनी गोष्ट सिसिलीच्या किनाऱ्यावर नेली आणि नायक सरदाराऐवजी मात्तेओ नावाचा कोळी केला. ही भूमिका ते स्वतः करीत. तिथे ऑन्डीन मात्तेओच्या नियोजित वधूची, म्हणजे जानिनाची, जागा घेते आणि मर्त्य होते. त्या रात्री चांदण्यात तिला आयुष्यात प्रथमच स्वतःची सावली दिसते आणि ती तिच्याबरोबर नाचते. हेच ते ‘पा द लोंब्र’, म्हणजे छायानृत्य. ते इतके गाजले की त्या दृश्यातील चेरितोची शिळाछापाची चित्रे निघाली. कृत्रिम चंद्रप्रकाश पाडून नर्तिकेची सावली तिच्या पावलांबरोबर हलती ठेवणे हे गॅसच्या दिव्यांच्या त्या काळात रंगमंचावरील तंत्रज्ञांचे मोठेच कौशल्य होते.

म्हणजे अ‍ॅश्टन यांनी हा प्रसंग परंपरेतून घेतला, पण त्याची जागा बदलली, आणि मला वाटते खरी प्रतिभा त्या बदलात आहे. पेरो यांच्याकडे सावली म्हणजे मर्त्यतेचा पुरावा: ऑन्डीन माणूस झाली म्हणून तिला सावली आली, आणि त्यानंतर ती खंगत जाते. अखेरीस जलराणी हिड्रोला तिला पुन्हा पाण्यात घेते आणि जानिना मात्तेओला परत मिळते. अ‍ॅश्टन यांच्याकडे सावली लग्नाच्या आधी, आत्मा मिळण्याच्या आधी येते. ती कशाची खूण आहे हे ऑन्डीनला माहीतच नसते, म्हणून तिला त्या खेळात एवढा आनंद वाटतो.

पेरो यांचा बॅले पुढे ‘जलकन्या आणि कोळी’ अशा अर्थाच्या नावाने १८५१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेला, तिथे नर्तिका कार्लोत्ता ग्रीझी यांनी तो केला, आणि त्याच उन्हाळ्यात पीटरहॉफच्या राजोद्यानात तळ्याच्या पाण्यावर रंगमंच बांधून त्याचा प्रयोग झाला. मारिउस पेतिपा यांनी त्याची पुनर्रचना अनेकदा केली. अलीकडे, २००६ मध्ये, पिएर लाकोत यांनी मारीन्स्की थिएटरसाठी त्या जुन्या शैलीत तो पुन्हा उभा केला.

आणखी एक नोंद करतो, ती प्रवाही यांच्या पहिल्याच वाक्याशी संबंधित आहे. चायकॉव्स्की यांनी १८६९ मध्ये फूके यांच्या कथेवर ‘उंदीना’ नावाचा ऑपेरा लिहिला होता. शाही नाट्यगृहांनी तो नाकारला आणि पुढे त्यांनी स्वतःच त्याची संहिता नष्ट केली. त्यातले काही भाग मात्र त्यांनी इतर कृतींत वापरले. नायक-नायिकेच्या युगलगीताची धून ‘स्वान लेक’च्या दुसऱ्या अंकातील हंसकन्या ओडेट आणि राजपुत्र सीगफ्रीड यांच्या युगलनृत्यात आली, आणि दोन गळ्यांच्या जागी व्हायोलिन आणि चेलो आले. आज जगभर लोक ज्या संगीतावर हंसकन्या पाहतात ते मुळात जलकन्येसाठी लिहिलेले होते.

काठावरची

मी हा बॅले पाहिलेला नाही, पण कथा वाचताना आदिपर्वातली गंगा आणि शंतनू यांची गोष्ट आठवल्याशिवाय राहिली नाही. तिथेही पाण्यातली स्त्री, तिथेही राजा, तिथेही अट. मी काहीही केले तरी मला अडवायचे नाही आणि का म्हणून विचारायचे नाही, असे गंगा आधीच सांगते. सात मुले ती नदीत सोडते, आठव्या वेळी शंतनू तिला थांबवतो आणि ती निघून जाते. उर्वशी आणि पुरूरवा यांची कथाही तशीच आहे, आणि तिथे तर अट मोडल्यावर पुरूरव्याला ती तळ्यात पाणपक्ष्यांच्या रूपात सख्यांसह विहरताना सापडते. माझ्या आजोळी नदीच्या डोहापाशी शेंदूर लावलेल्या दगडांच्या रूपात साती आसरा आहेत. त्यांना हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या वाहतात, आणि भर दुपारी मुलांना डोहाकडे जाऊ देत नाहीत. पाण्यात स्त्री राहते आणि ती माणसाला ओढून नेते, ही कल्पना इतक्या दूरच्या प्रदेशांत सारखीच कशी, हे मला जाणून घ्यायचे आहे.

प्रवाही

काठावरची, साम्य आहे आणि ते मलाही जाणवले होते, परंतु मला दोन्हींमधला फरक अधिक मोलाचा वाटतो. गंगा किंवा उर्वशी माणसापेक्षा वरच्या पायरीवर आहेत. त्या शापामुळे किंवा वचनामुळे खाली येतात, आणि अट मोडली की आपल्या जागी परत जातात. त्यांना दुःख होत असेल, पण त्यांच्यातले काही उणे झालेले नसते. आसरांची तर लोकांना धास्ती असते, त्यांची मर्जी राखावी लागते. त्यांना माणसाकडून नैवेद्यापलीकडे काही हवे आहे असे त्या श्रद्धेत दिसत नाही. फूके यांची उंडीने याच्या उलट आहे. तिच्याकडे नसलेली एक गोष्ट माणसाकडे आहे आणि ती फक्त विवाहानेच मिळू शकते. ही रचना ख्रिस्ती आहे, म्हणूनच फूके यांच्या कथेत लग्न लावायला पाद्री लागतो आणि बॅलेमध्ये साधू. एकदा आत्मा मिळाला की तो परत करता येत नाही. पाण्यात परतलेली ऑन्डीन पूर्वीची ऑन्डीन नसते, कारण आता तिला दुःख कळते, आणि तरीही पाण्याचा कायदा तिला लागू असतो. नवऱ्याने दुसरे लग्न केले तर त्याचा प्राण तिनेच घ्यायचा, हा तो कायदा.

फूके यांच्या पुस्तकात याची फार सुंदर तयारी आहे. उंडीने वाड्याच्या आवारातील विहिरीवर मोठी शिळा ठेवून घेते, म्हणजे तिच्या कुळातल्यांना आत यायला वाट राहू नये. पुढे ती गेल्यावर नवऱ्याच्या नव्या वधूला, म्हणजे बर्टाल्डाला, चेहऱ्यावरचे डाग धुण्यासाठी त्याच विहिरीचे पाणी हवे होते, म्हणून ती शिळा बाजूला करायला लावते, आणि उंडीनेला नाइलाजाने त्याच वाटेने वर यावे लागते. नवऱ्याचे रक्षण तिने स्वतः केलेले असते आणि ते दुसरीच्या क्षुल्लक हौसेपायी मोडते. अ‍ॅश्टन यांनी विहीर वगळली याची मला हळहळ वाटते, पण रंगमंचावर सगळा समुद्रच आत शिरत असताना विहिरीला जागा उरत नाही, हेही समजते.

जुनी पाने, आपल्या प्रतिसादामुळे धाग्याची उंची वाढली. सावलीची जागा बदलण्याविषयी आपण लिहिले आहे ते मला इतक्या नेमकेपणाने मांडता आले नसते.

रंगपट

मी ‘ऑन्डीन’ कोव्हेंट गार्डनमध्ये, म्हणजे त्याच रॉयल ऑपेरा हाउसमध्ये, पाहिला आहे. त्या प्रयोगात मियाको योशिदा आणि एडवर्ड वॉटसन होते. याच दोघांचे २००९ मधील चित्रीकरणही उपलब्ध आहे. इथे सगळ्यांनी कौतुकच केले आहे, म्हणून दुसरी बाजू आदराने मांडतो.

पहिला आक्षेप पालेमॉनविषयी आहे. त्याला स्वतःचे असे नृत्य फार थोडे आहे. तो पाहतो, उचलतो, आधार देतो, मागे धावतो. तो बर्टाला का सोडतो आणि नंतर तिच्याकडे का परततो, हे नृत्यातून उलगडत नाही. तो इतका पुसट राहिल्यामुळे ऑन्डीनने ज्याच्यासाठी सर्वस्व पणाला लावले तो माणूस त्या मोलाचा होता का, असा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात राहतो. तिरेनियोचे तसे नाही. त्याच्या उड्या, त्याचे वळणारे खांदे, पाण्याखालून वर उसळल्यासारखा त्याचा प्रवेश, यांतून त्याची व्यक्तिरेखा डोळ्यांसमोर उभी राहते.

दुसरा आक्षेप तिसऱ्या अंकाचा. शोकांतिका अगदी दाराशी आलेली असताना लग्नाच्या पाहुण्यांसाठी इटालियन मुखवटानाट्याच्या धाटणीचा नृत्यांचा मोठा कार्यक्रम सुरू होतो आणि तो लांबतच जातो. एकोणिसाव्या शतकातील बॅलेच्या रिवाजाला धरून हे असेल, पण ज्या कृतीने न तुटणाऱ्या प्रवाहाचा आग्रह धरला, तिनेच इथे तो स्वतःहून तोडला आहे.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, निरीक्षण आहे. ही भूमिका फॉन्टेन यांच्या देहावर बेतलेली होती. पहिल्या प्रयोगाच्या वेळी त्या ३९ वर्षांच्या होत्या. अफाट उड्या किंवा गिरक्यांचा मारा हे त्यांचे बलस्थान कधीच नव्हते. त्यांचे बळ रेषेत, लयीच्या जाणिवेत आणि मानेच्या एका वळणातून भाव पोहोचवण्यात होते, आणि अ‍ॅश्टन यांनी नेमके तेच वापरले. ‘ऑन्डीन’ ही फॉन्टेन यांच्यासाठी रचलेली कॉन्चेर्तो, म्हणजे एका वादकाला पुढे ठेवून बांधलेल्या वाद्यवृंदरचनेसारखी कृती, आहे असे म्हटले गेले, ते उगाच नाही. १९६६ नंतर हा बॅले रॉयल बॅलेच्या प्रयोगांतून गेला आणि थेट १९८८ मध्ये मारिया आल्मेइदा आणि अँथनी डॉवेल यांना घेऊन परतला. फॉन्टेन यांच्यावाचून तो उभा राहील का, ही शंका इतक्या लांबच्या खंडामागचे एक कारण असणार.

मंद्रसप्तक

रंगपट, तिसऱ्या अंकाबद्दल तुमच्याशी मी अर्धाच सहमत आहे. त्या लांबलेल्या करमणुकीच्या भागात हेंत्से यांनी पियानो पुढे आणला आहे आणि तोवरचा सगळा ध्वनी बदलून टाकला आहे. आधीच्या दोन अंकांत जे संगीत पसरते, वाहते, ते इथे एकदम टोकदार, लखलखीत, जमिनीवरचे होते. माणसांच्या जगाला पाण्याचा विसर पडला आहे, हे मला त्या बदलातून ऐकू येते. नृत्य लांबते हे मान्य. पण ते कापले तर समुद्र परत येतो तेव्हाचा तंतुवाद्यांचा तो खोल आवाज इतका भयंकर वाटणार नाही.

प्रवाही

रंगपट, पालेमॉनविषयीचा आपला आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. फूके यांच्याकडे नायकाची दुर्बलता हाच कथेचा विषय आहे. तो आपल्या बायकोच्या कुळाला भितो, त्या भीतीची त्याला लाज वाटते आणि ती लाज तो तिच्यावर राग काढून झाकतो. पाण्यावर असताना मला कधी रागावून बोलू नका, असे तिने विनवले असतानाही तो नावेत तिला टाकून बोलतो, आणि तिथेच ती नाहीशी होते. हा प्रसंग बॅलेमध्ये वादळाच्या गदारोळात हरवतो. पालेमॉनकडून ऑन्डीनला झालेली जखम रंगमंचावर ठसठशीत दिसली असती तर तिसऱ्या अंकातले चुंबन अधिक कठीण आणि अधिक खरे झाले असते.

फॉन्टेन यांच्याविषयी मात्र मला आशा आहे. पॉल झिनर यांनी १९६० मध्ये प्रदर्शित केलेल्या ‘द रॉयल बॅले’ या चित्रपटात त्यांचा ‘ऑन्डीन’ जतन झालेला आहे. तो आणि योशिदा यांचे चित्रीकरण मी पाठोपाठ पाहिले. फॉन्टेन यांची ऑन्डीन कुतूहलाने जग चाचपडते. त्यांची बोटे आधी पोहोचतात आणि देह नंतर जातो. योशिदा यांचे पदन्यास इतके हलके आणि चपळ आहेत की पाणी उथळ खडकांवरून धावते आहे असा भास होतो, आणि त्यांच्या सावलीच्या नृत्यात भीतीपेक्षा खोडकरपणा अधिक आहे. भूमिका दोन्ही वेळा उभी राहिली, आणि दोन्ही वेळा वेगळी. तेव्हा ही कृती एका नर्तिकेबरोबर संपणारी नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

काठावरची, आपण पहिल्यांदा पाहणार असाल तर दुसऱ्या अंकापासून सुरुवात करावी असे सुचवतो. जहाजाचे ते दृश्य नृत्याची कोणतीही पूर्वओळख नसतानाही पकड घेते. रंगमंचावरचे सगळेच वर-खाली होत राहते, खलाशी एका लयीत झुकतात, आणि काही वेळाने पाहणाऱ्यालाही खुर्चीत बसल्या जागी तोल सावरावासा वाटतो. त्यानंतर पहिला अंक पाहावा. सावलीचा आणि छातीवर ठेवलेल्या हाताचा प्रसंग त्यात सुरुवातीलाच येतो, तेव्हा तो चुकणार नाही.